शालेय न्याहारीची वाटचाल : मद्रास १९२० ते मदुराई २०२२

शालेय आहाराचा इतिहास आपल्याकडे दुपारच्या भोजनापासून लिहिला जातो. मुलांची भूक मात्र पहिल्या तासिकेलाच वर्गात आलेली असते. पी. त्यागराय चेट्टी अध्यक्ष असताना मद्रास महापालिकेने १६ सप्टेंबर १९२० रोजी थाउजंड लाइट्स भागातील शाळेत अल्पोपाहार देण्याचा ठराव संमत केला. खर्चाची मर्यादा होती दर विद्यार्थ्यामागे रोज एक आणा. तेवढाही खर्च प्राथमिक शिक्षण निधीतून करण्यास सरकारने नकार दिला आणि १९२५ मध्ये उपक्रम थांबला. भूक हा शिक्षणखात्याचा विषय नव्हे, हीच त्यामागील दृष्टी दिसते.

पुढे १९५६ नंतर कामराजांनी मध्यान्ह भोजन राज्यभर नेले. १९९५ च्या राष्ट्रीय योजनेत तर बहुतेक राज्यांनी दरमहा ३ किलो धान्यच वाटले. ते घरच्या चुलीवर सर्वांत विभागले जाई, हे वेगळे सांगावयास नको. शिजविलेल्या अन्नाची सक्ती सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशाने झाली.

तरीही सकाळ उपाशीच राहिली. पौष्टिक न्याहारीनंतरचे तास अवघड विषयांस विशेष फलदायी ठरू शकतात, हे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने नमूद केले. तमिळनाडूने १५ सप्टेंबर २०२२ रोजी मदुराईत आरंभ करून १,५४५ शाळांतील सुमारे १.१४ लाख मुलांना उपमा, पोंगल, खिचडी दिली. ऑगस्ट २०२३ मध्ये ती राज्यातील सर्व शासकीय प्राथमिक शाळांत पोहोचली.