मॅमथ, माणूस आणि चित्रातली कुऱ्हाड

मंडळी, शाळेत किंवा संग्रहालयात पाहिलेलं एक चित्र तुम्हाला आठवत असेल. खड्ड्यात अडकलेला मॅमथ, भोवती कातडी नेसलेली माणसं, कुणाच्या हातात भाला, कुणी दगड उचललेला. आपण ते पाहिलं आणि खरं मानलं. आज मला एवढंच विचारायचंय, की हे दृश्य पहिल्यांदा काढणाऱ्यांना ते कळलं कुठून?

फ्रान्समध्ये सोम नदीच्या खोऱ्यात बुशे द पेर्थ हा गृहस्थ कित्येक वर्षं दगडी हत्यारं गोळा करत होता. ज्या थरांत हत्यारं, त्याच थरांत नष्ट झालेल्या हत्ती-गेंड्यांची हाडं. विद्वानांनी त्याला फारसं मनावर घेतलं नाही. १८५९ मध्ये प्रेस्टविच आणि एव्हन्स हे दोघे इंग्रज तिथे गेले, प्रत्यक्ष पाहिलं आणि मग वारं फिरलं.

आता चित्रं बघा. १८६३ मध्ये लुई फिगिएचं ‘प्रलयापूर्वीची पृथ्वी’ हे पुस्तक निघालं, चित्रकार एद्वार रिऊ. त्यात माणसाचं पहिलं दर्शन म्हणजे जवळजवळ बायबलमधली बाग, सगळं शांत. काही वर्षांतच पुढच्या आवृत्तीत ते चित्र काढून टाकलं. तिथे आली गुहा, कातडी पांघरलेली माणसं, हातात दगडी कुऱ्हाडी आणि आसपास लुप्त झालेली जनावरं. पुस्तक तेच, लेखक तोच. बाग मात्र गेली! मग १८७० मध्ये फिगिएच्याच ‘आदिमानव’ या पुस्तकासाठी एमिल बायार यानं थेट झुंज काढली, माणसं आणि गुहेतलं प्रचंड अस्वल. (हा बायार म्हणजे ‘ले मिझेराब्ल’मधली झाडू घेतलेली छोटी कोझेत काढणारा.) गंमत अशी, की ते अस्वल मुख्यतः झाडपाल्यावर जगत असावं, असं त्याच्या हाडांच्या रासायनिक तपासणीतून पुढे दिसलं.

माझा मुद्दा हा. थरांनी सिद्ध काय केलं? साहचर्य. माणूस आणि ते प्राणी एका काळात होते, इतकंच. आपले नैयायिक सांगतील की दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून त्यांच्यातला संबंध ठरत नाही. वाहत्या पाण्यानं दोन्ही एका जागी आणून टाकलेली असू शकतात. चित्रकारानं मात्र ‘बरोबर’चं ‘विरुद्ध’ केलं. आपल्याकडेही १८६५ मध्ये पैठणजवळ मुंगी इथे गोदावरीच्या जीवाश्मयुक्त थरात अकीकाचा घडवलेला छिलका मिळाला. त्या एका छिलक्यावरून कुणी शिकार रंगवली तर आपण मान्य करू का? नाही ना.

आणि ज्यांनी मॅमथ प्रत्यक्ष पाहिला, त्यांनी काय काढलं? १८६४ मध्ये ला मादलेन इथे लार्तेला मॅमथच्याच सुळ्याच्या तुकड्यावर कोरलेला मॅमथ मिळाला. लांब केस, वळलेले सुळे, सगळं आहे. भाला नाही, खड्डा नाही, माणूसही नाही.

पण म्हणून चित्रकार खोटा होता, असं मी म्हणणार नाही. तो घाईत होता. १९४८ मध्ये जर्मनीत लेरिंगेनला सरळ सुळ्यांच्या हत्तीचा सांगाडा मिळाला, आणि त्याच्या बरगड्यांत यू झाडाच्या लाकडाचा भाला. अडीच मीटरला थोडा कमी. तोवर बायारचं चित्र छापून ७८ वर्षं झाली होती.