समुद्र कोणाचा?

सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगिजांनी अरबी समुद्रात ‘कार्ताझ’ नावाचा परवाना लादला. तो नसलेले जहाज जप्त होई. निजामशाही-आदिलशाहीलाही तो घ्यावा लागे. 1603 मध्ये डचांनी सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडले. त्या लुटीच्या समर्थनार्थ ह्यूगो ग्रोशियसने लिहिलेल्या ग्रंथाचे एक प्रकरण 1609 मध्ये ‘मारे लिबेरुम’ म्हणून छापले गेले: समुद्र कोणाच्याही मालकीचा नाही. युरोपीय आंतरराष्ट्रीय कायद्याचा हा पायाचा दगड म्हणजे खरे तर एका वकिलाचा युक्तिवाद! कोकणचा रिवाज वेगळाच होता. 1674 मध्ये रायगडावर इंग्रजांनी तहाच्या एका कलमात किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजांचा माल परत मागितला. तो राजाचाच, असे सांगून शिवाजी महाराजांनी ते कलम नाकारले.