हौसेला मोल नसते : ऑस्कर बार्नाक आणि खिशातला कॅमेरा

ऑगस्ट १९१४. जर्मनीत लान नदीच्या काठी वसलेले वेट्झलार नावाचे छोटे नगर. टोकदार शिरस्त्राण घातलेल्या एका गणवेशधारी माणसाने सैन्याच्या जमवाजमवीचा हुकूम नुकताच भिंतीवर डकवला आहे. पहिले महायुद्ध या गावात आले ते असे, एका कागदाच्या रूपाने. आणि नेमक्या त्याच वेळी कोणीतरी त्या माणसाचे छायाचित्र टिपले.

हे छायाचित्र कोण्या वृत्तपत्राच्या प्रतिनिधीने काढलेले नाही. सूक्ष्मदर्शक यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यातील एका तंत्रज्ञाने ते काढले, तेही स्वतः घडवलेल्या, कोटाच्या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याने. तसे कॅमेरे त्या वेळी सगळ्या जगात दोन-तीनच होते. पुढे हेच यंत्र ‘लाइका’ या नावाने प्रसिद्ध झाले. मित्रहो, आजचा थ्रेड त्या यंत्राविषयी आहेच. पण त्याहून अधिक तो ते हाती घेऊन रस्त्यांवर भटकणाऱ्या एका हौशी माणसाविषयी आहे. त्याचे नाव ऑस्कर बार्नाक.

बार्नाकचा जन्म १८७९ साली ब्रांडेनबुर्ग प्रांतातील ल्युनोव या खेड्यातला. यंत्रकारागिरी शिकून तो १९०२ मध्ये येना येथील कार्ल झाइसच्या कारखान्यात लागला. येनाजवळच थ्युरिंगियाची अरण्ये आणि डोंगर आहेत. सुटी मिळाली की हा गृहस्थ तिकडे पायी भटकायला जाई, आणि सोबत कॅमेरा नेई. त्या काळी कॅमेरा नेणे म्हणजे काय, हे आज आपल्याला सहसा उमगत नाही. १३ × १८ सेंटिमीटर आकाराच्या काचा घेणारी पेटी, त्या काचांचे सहा दुहेरी कप्पे, तिपाई, आणि हे सारे सामावणारी चामड्याची मोठी बॅग. फिरत्या विक्रेत्याच्या नमुन्यांच्या बॅगेशी त्याने स्वतःच तिची तुलना केली आहे. सहा दुहेरी कप्पे म्हणजे बारा छायाचित्रे. एवढे ओझे पाठीवर घेऊन चढ चढायचा, आणि बार्नाकला होता दमा.

माझ्या मते लाइकाच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाची नोंद हीच आहे. बाजाराची मागणी, सैन्याची गरज, वृत्तपत्रांची निकड यांपैकी काहीही या कॅमेऱ्याच्या मुळाशी नव्हते. एका दमेकरी भटक्याला चित्रे काढायची होती आणि ओझे वाहायचे नव्हते.

त्याने प्रथम साधा उपाय करून पाहिला. एकाच मोठ्या काचेवर पंधरा-वीस छोटी छायाचित्रे घ्यायची आणि नंतर ती मोठी करायची. प्रयोग फसला. त्या काचेवरील रसायनाचा कण इतका जाड होता, की चित्र मोठे करताच त्याची रेती व्हायची. परंतु ‘निगेटिव्ह लहान, चित्र मोठे’ ही कल्पना त्याच्या मनातून गेली नाही.

१९११ साली तो वेट्झलारला एर्न्स्ट लाइट्झ यांच्या कारखान्यात आला. येनाचा त्याचा जुना सहकारी एमिल मेखाऊ तेथे चित्रपट-प्रक्षेपकावर काम करीत होता. त्यानेच बार्नाकची शिफारस केली. (साहित्याच्या वाचकांना वेट्झलार वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. १७७२ मध्ये तरुण गटे येथे काही महिने राहिला, आणि ‘वेर्टर’ कादंबरीला येथल्याच अनुभवाचा आधार आहे.) या कारखान्यात बार्नाकच्या हाती चित्रपटाची फिल्म आली. पस्तीस मिलिमीटर रुंद, दोन्ही कडांना भोके असलेली, आणि काचेच्या मानाने बारीक कणाची.

येथे क्षणभर महाराष्ट्रात येऊ या. नेमक्या याच सुमारास, १९१२ मध्ये, दादासाहेब फाळके लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र घेऊन परतले. त्यांना मिळणारी फिल्म भोकांविना येई, आणि सरस्वतीबाई फाळके अंधारात बसून तिला भोके पाडत. ३ मे १९१३ रोजी मुंबईत ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, तो या पस्तीस मिलिमीटरच्या फितीवर. दादरमध्ये जी फीत चित्रे हलती करण्यासाठी वापरली जात होती, तीच वेट्झलारमध्ये एक माणूस स्थिर चित्रासाठी वापरू पाहत होता. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचे कारण नव्हते.

चित्रपटाच्या कॅमेऱ्यात फिल्म उभी धावते आणि तिच्यावरील चौकट १८ × २४ मिलिमीटरची असते. बार्नाकने फिल्म आडवी फिरवली आणि अशा दोन चौकटींची एक केली. झाली २४ × ३६. आज ज्याला आपण ‘फुल फ्रेम’ म्हणतो आणि ज्याच्यासाठी लाखभर रुपये मोजतो, ते माप हेच. जुन्या काचेशी तुलना केली तर क्षेत्रफळ सत्तावीस पटींनी घटले. मार्च १९१४ मध्ये हा छोटा कॅमेरा तयार झाल्याची नोंद त्याने केली. त्याला तो ‘लिलिपुट’ म्हणे. फिल्म पुढे सरकवताना भिंग झाकून घ्यावे लागे, नाहीतर प्रकाश आत शिरून चित्र खराब होई. तरीही तो खिशात राही, आणि बार्नाकला तेवढे पुरेसे होते.

आता दोन दंतकथांविषयी. पहिली अशी, की एका रोलमध्ये छत्तीस चित्रे असतात, कारण बार्नाकने दोन्ही हात फैलावून जेवढी फिल्म ताणता आली तेवढी कापली. कथा गोड आहे, आणि म्हणूनच जपून वापरावी. दुसरी अशी, की पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर स्थिर छायाचित्र काढणारा पहिला कॅमेरा बार्नाकचा. हे मात्र सरळ चूक आहे. ‘टूरिस्ट मल्टिपल’ नावाचा अमेरिकन कॅमेरा त्याच सुमारास बाजारात आलेला होता आणि एका फिल्मवर साडेसातशे चित्रे घेई. नावावरूनच कळते की तो प्रवाशांसाठी होता. युद्ध सुरू झाले आणि ते प्रवासीच घरी बसले. पॅरिसच्या जूल रिशारचा ‘ओमेओस’ही १९१४ चाच. कल्पना हवेत होती, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

रस्त्यावरील छायाचित्रणही लाइकाबरोबर जन्मले नाही. १८९०च्या दशकात ख्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, कार्ल स्टोर्मर नावाचा गणिताचा विद्यार्थी कोटाखाली तबकडीसारखा गोल कॅमेरा लपवून फिरत असे. भिंग कोटाच्या काजातून बाहेर डोकावे आणि तबकडीवर सहा चित्रे मावत. कार्ल योहान मार्गावर समोरून ओळखीची व्यक्ती आली की हा टोपी काढून अभिवादन करी आणि खिशातली दोरी ओढी. नाटककार इब्सेनही त्याच्या तावडीतून सुटला नाही. हाच स्टोर्मर पुढे ध्रुवीय प्रकाशाचा थोर अभ्यासक झाला. त्याची छायाचित्रे पाहावीत. त्या काळच्या स्टुडिओतल्या ताठ चेहऱ्यांनंतर ही हसरी, बेसावध माणसे पाहताना एकोणिसावे शतक एकदम शेजारी येऊन बसते. मात्र त्याचा कॅमेरा लपवण्यासाठी होता आणि त्याच्या चित्रांत नेम कमी, नशीब अधिक होते. बार्नाकचा कॅमेरा डोळ्याला लावायचा होता. चौकटीत काय घ्यायचे हे चालता चालता ठरवता येत होते.

आणि त्याने काय घेतले? १९१४ मध्ये वेट्झलारचा आइझेनमार्क्ट चौक : लाकडी चौकटींचे जुने घर, दगडी फरसबंदी, रस्त्यावरची माणसे. स्वतःची मुले. तो युद्धाचा कागद. आणि १९२० मधला लान नदीचा महापूर. पुरात गावाचे रस्ते बुडाले तेव्हा बार्नाक बाहेर पडला आणि एकामागून एक चित्रे घेत गेला. काचेच्या कॅमेऱ्याने पुराचे एखादे भव्य दृश्य मिळाले असते. येथे एकच घटना अनेक जागांवरून, अनेक क्षणांत दिसते. पुढे ज्याला छायावृत्त म्हणू लागले, त्याची ही आरंभीची पावले आहेत. ती टाकली गेली तेव्हा हा कॅमेरा विकायचा की नाही, याचा निर्णयदेखील झालेला नव्हता. संशोधक बार्नाकच्या यंत्राचा स्क्रू न् स्क्रू मोजतात. चित्रकर्ता बार्नाक मात्र उपेक्षितच राहिला, असे मला वाटते.

निर्णय लांबला त्याचे कारण युद्ध. कारखान्याचे मालक दुसरे एर्न्स्ट लाइट्झ १९१४ मध्येच असा एक नमुना घेऊन न्यूयॉर्कला गेले होते आणि तेथील रस्त्यांची चित्रे काढून आले होते. पण नंतर युद्ध, पराभव आणि १९२३ ची ती भयंकर चलनवाढ आली. त्याच काळात चाचणीसाठी वीस-पंचवीस कॅमेरे बनवण्यात आले. भिंगाचे गणित माक्स बेरेक यांनी मांडले. त्यांच्या भिंगाविना एवढ्याशा निगेटिव्हमधून मोठे चित्र निघालेच नसते. १९२४ मध्ये कारखान्यात दीर्घ बैठक झाली. बहुतेकांना धोका दिसत होता. छायाचित्राच्या व्यवसायाला हे खेळणे वाटेल, सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्याने या फंदात का पडावे? लाइट्झ यांनी सर्वांचे ऐकून घेतले आणि धोका पत्करायचे ठरवले. मंदीच्या दिवसांत कामगारांच्या हातांना काम हवे, हाही विचार त्यामागे होता. १९२५ च्या वसंतात लाइप्झिगच्या जत्रेत लाइका लोकांसमोर आला. नाव साधेच : लाइट्झचे ‘लाइ’ आणि कॅमेऱ्याचे ‘का’.

पुढची कहाणी परिचित आहे, म्हणून भरभर सांगतो. मॉस्कोत रोदचेन्को, पॅरिसमध्ये इल्झे बिंग, आणि १९३०च्या दशकाच्या आरंभी आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या हाती तो गेला. कार्तिए-ब्रेसाँ यांनी कॅमेऱ्याचे चकचकीत भाग काळे करून टाकले, जेणेकरून रस्त्यावर कोणाचे लक्ष जाऊ नये. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत ते गांधीजींना भेटले. त्यानंतर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. अंत्ययात्रेची त्यांनी टिपलेली चित्रे आजही आपल्याला त्या गर्दीत नेऊन उभी करतात.

दुसरी बाजूही लिहिली पाहिजे. खिशात मावणारा कॅमेरा कोणाच्याही खिशात मावतो. नाझी जर्मनीच्या वायुदलाची मालकीखूण कोरलेले लाइका आजही संग्राहकांकडे सापडतात. त्याच काळात लाइट्झ यांनी आपल्या अनेक ज्यू कर्मचाऱ्यांना नोकरीच्या निमित्ताने देशाबाहेर पाठवले. एका ज्यू स्त्रीला पळून जाण्यास मदत केली म्हणून त्यांची कन्या एल्झी हिला गेस्टापोने १९४३ मध्ये तुरुंगात टाकले. आणि त्याच कारखान्यात सक्तीच्या मजुरीसाठी आणलेल्या युक्रेनी स्त्रियाही राबत होत्या. ज्याला या घराण्याचे निव्वळ पोवाडे गायचे आहेत त्याने, आणि ज्याला निव्वळ दोष द्यायचा आहे त्यानेही, ही तिन्ही वाक्ये सोबत वाचावीत.

बार्नाकने यातले बरेचसे पाहिले नाही. १९३६ च्या जानेवारीत तो वारला. चाचणीच्या त्या मालिकेतील १०५ क्रमांकाचा कॅमेरा त्याचा स्वतःचा; दृश्यदर्शकावर त्याचे नाव कोरलेले आहे. जून २०२२ मध्ये तो लिलावात निघाला आणि १ कोटी ४४ लाख युरोंना गेला. हौसेला मोल नसते असे आपण म्हणतो. येथे ते लागले, आणि एवढे लागले की आता तो कॅमेरा कोणी गळ्यात अडकवून पावसापाण्यात फिरेल, ही शक्यता उरली नाही.

आपल्यासारख्यांना ती सोय अजून आहे. १९३४ पासून खारकिवमध्ये अनाथ मुलांच्या वसाहतीतील कारखान्यात लाइकाची हुबेहूब नक्कल बनू लागली, ‘फेड’ नावाने. युद्धानंतर मॉस्कोजवळ ‘झोर्की’ निघाला. असाच एक झोर्की मला पुण्याच्या जुन्या बाजारात मिळाला. पडदा थोडा अडखळतो, वेग सांगतो त्याहून मंद असावा. रविवारी सकाळी तो घेऊन मी मंडईकडे जातो. निघण्यापूर्वी मात्र एक विधी असतो. या घडणीच्या कॅमेऱ्यात फिल्म तळातून भरतात, आणि तिचे टोक आधी कात्रीने सुमारे दहा सेंटिमीटर लांब, निमुळते कापून घ्यावे लागते. नाहीतर ती आत अडकते. बार्नाकलाही हे करावे लागे. टेबलावर त्या कापलेल्या तुकड्या पडतात, भोके असलेल्या, आणि आमच्या घरातले लहान मूल त्या डोळ्याला लावून खिडकीबाहेर पाहत बसते.