मस्टरवर नाव नसलेली माणसं

दर ३१ मेला आमच्या ऑफिसात एचआरची मेल येते. सिगारेट सोडायची आहे का? समुपदेशन फुकट. आम्ही मेल वाचतो आणि चहा-सुट्ट्याला खाली उतरतो. असो.

पण मंडळी, हा उपाय खरंच चालतो. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या एका केमिकल कारखान्यात तो करून पाहिला. निष्कर्ष २००९ साली छापून आले. कर्मचारी १०४, त्यातले जवळजवळ निम्मे तंबाखूवाले. तोंडाची तपासणी, व्याख्यानं, गटात बसून गप्पा, गरज पडली तर औषधं. घरच्यांसाठीही कार्यक्रम घेतले. मुख्य म्हणजे एकदा सांगून थांबले नाहीत. दर फेरीला सोडणारे वाढत गेले, वर्षअखेर ४०% झाले. लघवीची तपासणीही केली. ९६% वेळा ती माणसाच्या बोलण्याशी जुळली.

त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे. कंत्राटी कामगारांत तंबाखूवाले ५६%, आणि त्यांच्यातल्या ५५% लोकांच्या तोंडात कर्करोगाआधीची लक्षणं.

इथे मला भिवंडी आठवली. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत दत्ता सामंतांचा संप सुरू झाला. कापडाचं काम आधीपासूनच यंत्रमागांकडे सरकत होतं, संपाने त्याला जोर आला. गिरणीत मस्टर होतं, युनियन होती. १९४८ च्या कारखाना कायद्यानुसार २५० च्या वर कामगार असले की कॅन्टीन, ५०० च्या वर असले की प्रथमोपचाराची स्वतंत्र खोली. गिरण्यांनी कुणाची तंबाखू सोडवली असं मी म्हणत नाही, पण सोडवायची म्हटली असती तर जागा होती. भिवंडीत तेच काम छोट्या छोट्या शेडमध्ये विभागलं गेलं. बारा तासांची पाळी, पैसे मीटरवर. सुताच्या कचऱ्यात विडी पेटवणं धोक्याचं, मग चुना लावून मळलेली तंबाखू. तिला हातही थांबवावा लागत नाही.

अशा कामगाराला मेल कोण पाठवणार? २०१६ पासून १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत हेल्पलाइन आहे, पण मागाच्या खडखडाटात फोनवर बोलणार कसं?

मला वाटतं, उत्तर भिवंडीतच आहे. तिथल्या भिशीत. भिशी म्हणजे आपली पैशांची नव्हे, कामगारांची खानावळ. तेच चेहरे, महिनोन् महिने, दिवसातून दोनदा. कारखान्यातल्या त्या प्रयोगाला तरी दुसरं काय लागलं होतं? तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटणं, एवढंच.