रेशनचा गहू आणि जगाचा बाजार

आमचा गट गावचं रेशन दुकान चालवतो, हे तुम्हांला ठाऊक आहेच. एका वाटपाच्या दिवशी आम्ही मशीनवर अंगठे घेत होतो आणि शेजारी रेडिओ चालू होता. भारताच्या धान्यसाठ्यावरची परदेशातली बोलणी पुन्हा अडली, अशी बातमी लागली. रांगेतल्या आजी म्हणाल्या, "गहू आपला, पोती आपली, मग त्यांचं काय जातंय?" तेव्हा आम्हांला उत्तर देता आलं नाही. मग बसून वाचलं.

आजींनी बहात्तरच्या दुष्काळात परदेशातून आलेली लाल मिलो खाल्लेली. त्याच्याही आधीपासून आपण अमेरिकेचा गहू खात होतो. तिथे १९५४ साली पीएल ४८० नावाचा कायदा झाला आणि १९५६ पासून त्याखाली गहू आपल्याकडे येऊ लागला. १९६५ आणि ६६ अशी लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. तेव्हा अध्यक्ष जॉन्सन जहाजं अडवून अडवून, थोडी थोडी सोडायचे. शेतीचं धोरण बदला हा एक आग्रह, आणि व्हिएतनामच्या युद्धावर आपण टीका करतो हा राग. म्हणजे कुणाची चूल कधी पेटायची ते वॉशिंग्टनमध्ये ठरत होतं! १९६५ मध्येच अन्न महामंडळ सुरू झालं. शेतकऱ्याकडून ठरलेल्या भावाने घ्यायचं, कोठारात ठेवायचं, रेशनवर द्यायचं. आपल्या दुकानाचं मूळ तिथे आहे.

१ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना आली. तिचा नियम असा: सरकार हमीभावाने धान्य घेतं, तेव्हा हमीभाव आणि बाहेरचा भाव यांतला फरक म्हणजे अनुदान. आपल्यासारख्या देशात ते त्या पिकाच्या एकूण किमतीच्या १० टक्क्यांवर जाता कामा नये. ऐकायला ठीक वाटतं. पण बाहेरचा भाव कोणता, तर १९८६ ते ८८ चा, तोच कायमचा धरलेला. आईच्या लग्नातल्या सोन्याच्या भावाने आज मंगळसूत्र मोजायला बसलं तर काय होईल, सांगा. कागदावर अनुदान फुगतच जातं. उलट अमेरिकेला मात्र तेव्हाच्या मोठ्या खर्चामुळे वर्षाला १,९१० कोटी डॉलरपर्यंतची मुभा मिळाली. आम्हांला हे न्याय्य वाटत नाही.

२०१३ मध्ये आपला अन्नसुरक्षा कायदा झाला. माणशी महिन्याला ५ किलो धान्य, आणि कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातली थोरली बाई. त्याच डिसेंबरात बाली बेटावर व्यापारमंत्री जमले. मर्यादा ओलांडली तरी साठ्यांविरुद्ध तक्रार करायची नाही, अशी तात्पुरती सवलत तिथे मिळाली. तिला शांतता कलम म्हणतात. पण पक्का तोडगा निघेना. म्हणून जुलै २०१४ मध्ये भारताने दुसऱ्या एका मोठ्या कराराला संमती नाकारली आणि बरीच टीका सोसली. नोव्हेंबरात ठरलं, की कायमचा तोडगा निघेपर्यंत सवलत चालू राहील. पुढे तांदळाची मर्यादा ओलांडली गेली, तेव्हा भारताला हे कलम वापरावंही लागलं.

दुसरी बाजूही सांगायला हवी. तांदूळ विकणाऱ्या थायलंडसारख्या देशांचं म्हणणं, की स्वस्तात साठवलेला माल बाहेरच्या बाजारात आला तर आमचे शेतकरी मरतात. त्यांच्याही घरी चुली आहेत. त्यासाठी साठ्यातल्या मालामुळे व्यापार बिघडू नये अशी अट कलमात आहे, आणि ती आम्हांला रास्त वाटते.

तोडग्याची मुदत २०१७ होती. ती गेली. २०२४ मध्ये अबुधाबीलाही काही ठरलं नाही. आणि एक खोच आहे: बालीच्या निर्णयाच्या वेळी ज्या योजना चालू होत्या, त्यांनाच हे संरक्षण. गेल्या बैठकीत आपण रेशनवर तूरडाळीची मागणी लिहून पाठवली ना, तशी नवी योजना उद्या निघाली तर ती त्यात बसणार नाही. आजींना हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अर्ज मागे घेऊ नका."