भागधारकाची दाद आणि गिरणीचे जीवित



ज्याचे आयुष्य चिकलठाण्याच्या फाटकसभांत गेले, त्याने भागधारकांच्या हक्कांवर का बोलावे, असे आपणांस वाटेल. त्याचे उत्तर सोलापुरात आहे.

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, लोकांच्या तोंडची ‘जुनी गिरणी’, १९४९ च्या ऑगस्टात बंद पडली. कारभार बिघडला असे ठरवून केंद्र सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढला व आपले संचालक नेमले. भागधारकांचा संचालक निवडण्याचा हक्क गेला. चिरंजीतलाल चौधरी हे भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि त्याच वर्षी डिसेंबरात तीन विरुद्ध दोन मतांनी हरले. पुढे सरकारी संचालकांनी अग्रहक्क भागांची उरलेली रक्कम मागितली. तेव्हा द्वारकादास श्रीनिवास भांडले आणि डिसेंबर १९५३ मध्ये जिंकले. मोबदल्यावाचून कंपनीची मालमत्ता हाती घेणे घटनेला धरून नाही, असे न्यायालयाने सांगितले.

सरकारविरुद्ध भागधारकाच्या पाठीशी घटना होती. पण खुद्द कंपनीतील बहुमतानेच जुलूम केला तर? इंग्लंडात १८४३ मध्ये ठरले होते की, कंपनीचे नुकसान झाले तर दावा कंपनीनेच लावावा. आणि कंपनी म्हणजे बहुमत! अल्पमताला मोठा उपाय उरला तो कंपनी मोडण्याचा. भाऊबंदकीसाठी घरच पाडण्यासारखे हे झाले. त्यात भागधारकाला उरलेसुरले पैसे मिळत. कामगाराची मात्र चूल विझे.

आपल्याकडे १९५१ च्या दुरुस्तीने आणि मग १९५६ च्या कायद्याच्या ३९७ व ३९८ या कलमांनी मधली वाट काढली. आज ती २०१३ च्या कायद्यात २४१ व २४२ या कलमांत आहे. कंपनी जिवंत ठेवून न्यायाधिकरण संचालक दूर करू शकते, अल्पमताचे भाग विकत घ्यायला लावू शकते, कारभाराला शिस्त लावू शकते. भागभांडवल असलेल्या कंपनीत अर्जाला शंभर सभासद किंवा सभासदांचा दहावा हिस्सा लागतो, नाहीतर भांडवलाचा दहावा हिस्सा. ही अट न्यायाधिकरण शिथिल करू शकते; तथापि एकट्यादुकट्याने धावण्यापेक्षा आधी माणसे जोडावीत, हे आम्हां संघटनावाल्यांना नवे नाही.

कंपनी मोडण्याच्या अर्जात कामगारांनाही बोलू द्यावे, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८२ मध्ये मान्य केले. तेही तीन विरुद्ध दोन मतांनी. इतक्या काठावर आमचा आवाज तरला.

म्हणून आपल्यापैकी ज्यांच्याजवळ चार भाग असतील, त्यांना विनंती एवढीच की, अन्याय झाला तर जरूर लढा. पण कंपनी मोडा म्हणण्याआधी ती सुधारण्याची दाद मागा. त्या फाटकाच्या आत आमची माणसे असतात.