पगारातून कापलेले दोनशे रुपये

२०२३च्या फेब्रुवारीत माझी नोकरी गेली. सकाळी कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग आली, तिला धड नावही नव्हतं. मीटिंगमध्ये मॅनेजर आणि एचआरमधली एक अनोळखी बाई. दुपारपर्यंत लॉगिन बंद. त्या महिन्यांत जगभरच्या मोठमोठ्या कंपन्या हजारोंनी माणसं काढत होत्या, त्यामुळे मला कोणी वेगळं काही केलं असंही म्हणता येत नव्हतं. पुण्यातली खोली दोन महिने ओढली, मग डिपॉझिट घेतलं आणि येवल्याला आलो.

आमच्या घरात हातमाग आहे. वडील पैठणी विणतात, आजोबाही विणायचे. इंजिनिअर झालेला मी पहिलाच. म्हणून गल्लीत सांगितलं, ‘वर्क फ्रॉम होम आहे.’ रोज साडेनऊला इस्त्रीचा शर्ट घालून स्वतःच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसायचो. दिवसाला पंधरा-वीस अर्ज. त्यातल्या बहुतेकांना उत्तरच नाही, काहींना ‘अनफॉर्च्युनेटली’ने सुरू होणारा मेल. मागाचा खटखट आवाज इंटरव्ह्यूत जायला नको म्हणून वडील तेवढा वेळ माग थांबवायचे. त्यांच्या तासाभराच्या मजुरीवर मी इंटरव्ह्यू देत होतो, हे कळत होतं आणि बोलता येत नव्हतं.

कंपनीने हिशोब पूर्ण करून पाठवला त्यात एक ओळ होती: प्रोफेशनल टॅक्स, २०० रुपये. पाच वर्षं ही ओळ दर महिन्याला पाहिली होती. वर्षाचे अडीच हजार. अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे. ऑफिसात आम्ही यावर विनोद करायचो, की नोकरी करण्याचा दंड आहे. आता नोकरीच नव्हती आणि वेळ भरपूर होता, म्हणून हा दंड जातो कुठे ते शोधायला बसलो.

हा कर महाराष्ट्रात १९७५च्या कायद्याने आला. कशासाठी? तर ज्यांच्या हाताला काम नाही त्यांना काम देता यावं म्हणून. रोजगार हमी योजनेला पैसा हवा होता. शहरातल्या पगारदारांकडून, व्यापाऱ्यांकडून, डॉक्टर-वकिलांकडून हा कर घ्यायचा, त्यात सरकारने तेवढीच भर घालायची आणि खेड्यातल्या माणसाला मजुरी द्यायची, असा तो हिशोब. म्हणजे पाच वर्षं मी दर महिन्याला बेकारांसाठी वर्गणी भरत होतो आणि मला पत्ता नव्हता.

हे आजीला सांगायला गेलो आणि तिथेच पकडलो गेलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “तुला कामावरून काढलं ना रे?”

मी काहीच बोललो नाही. ती म्हणाली, “तुझे आजोबा पहिल्या दिवशी खडी फोडायला गेले तेव्हा तोंडाला उपरणं बांधून गेले होते.”

बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट आमच्या घरात अशी अर्धवटच सांगितली जायची. लाल मिलो, सुकडी, पाण्याची रांग. आजोबा खडी फोडायला गेले होते हे मला माहीतच नव्हतं. आमचा तालुका पर्जन्यछायेतला. शेतकऱ्याच्या हातात पैसा नसला की पहिली बंद होते ती लग्नातली भारी साडी. व्यापाऱ्याने रेशीम आणि जर देणं थांबवलं की माग असूनही विणकर बेकार. त्याच्याकडे शेत नाही, बैल नाही, विकायला काही नाही. येवला म्हटलं की लोकांना पैठणी आठवते, तात्या टोपे आठवतात, १९३५ची बाबासाहेबांची घोषणा आठवते. रिकाम्या मागाबद्दल कोणी विचारत नाही.

१९७३च्या मे महिन्यात महाराष्ट्रातल्या दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती. आकडा नुसता वाचला की काही वाटत नाही. आजीकडे त्यातला एक दिवस आहे. आजोबा उपरणं बांधून पोहोचले, पाहतात तर अर्धी गल्ली तिथे. समोरचा विणकर, कांड्या भरणारी बाई, शिंपी, सगळे. मुकादमाने मस्टर उघडून मोठ्याने नावं पुकारली. आजोबांनी उपरणं सोडलं आणि ‘हजर’ म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून आजीही गेली, माझ्या चार वर्षांच्या वडिलांना कडेवर घेऊन.

ही गोष्ट ऐकून मी बरेच दिवस अस्वस्थ होतो. त्यांच्या बेकारीचं मस्टर होतं, माझी बेकारी मी शर्टाला इस्त्री करून लपवत होतो. लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’चं हिरवं वर्तुळ लावायलाही मी तीन महिने घेतले होते.

अर्थात सरकारने काम देणं ही जुनीच रीत, आणि तिचा जुना नमुना माझ्या येण्याजाण्याच्या वाटेवरच आहे. पुण्याहून दौंड, नगर, कोपरगाव करत मी ज्या लाईनने घरी आलो, ती दौंड-मनमाड रेल्वे १८७६-७७च्या दुष्काळात सुरू झाली आणि १८७८मध्ये पूर्ण झाली. तिचं साधं अंगमेहनतीचं काम बहुतेक आसपासच्या लोकांनीच केलं. त्याच दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी ठरवून दिली: पुरुषाला दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा. दिवसभर दगड-माती उपसणाऱ्याला अर्धा किलोसुद्धा धान्य नाही. पुण्याच्या सार्वजनिक सभेने याविरुद्ध सरकारकडे अर्ज केले, आणि मजुरांनी तर या मजुरीवर लांबच्या छावण्यांत जायलाच नकार दिला. सरकारचं म्हणणं सरळ होतं. काम कष्टाचं ठेवा, मजुरी कमी ठेवा, जागा घरापासून लांब ठेवा. म्हणजे जो खरोखर उपाशी आहे तोच येईल. गरज खरी आहे हे सिद्ध करायला माणसाने आधी झिजायचं. (सात राउंडचा इंटरव्ह्यू आणि शनिवार-रविवारची फुकटची असाइनमेंट करताना मला टेंपलसाहेब आठवायचे. तुलना बरोबर नाही, मी उपाशी नव्हतो. पण आठवायचे.)

विणकरांचा प्रश्न मात्र तेव्हाच्या अधिकाऱ्यांनाही अडचणीत टाकत होता. १८९६-९७च्या दुष्काळात सोलापूरसारख्या विणकरांच्या गावात त्यांना सूत देऊन कापडच विणून घ्यायची व्यवस्था झाली, आणि १८९८च्या दुष्काळ आयोगानेही विणकरांना त्यांच्याच धंद्यात मदत देण्याची बाजू घेतली. दया हे एकच कारण नव्हतं. खडी फोडून हात गेला तर दुष्काळ सरल्यावर हा माणूस विणणार कसा, हा व्यवहारी प्रश्न होता.

आमच्या घरात तो प्रश्न पंचाहत्तर वर्षांनी तसाच उभा राहिला. पाऊस झाला, व्यापाऱ्याने पुन्हा रेशीम दिलं, आजोबा मागावर बसले आणि रेशीम हाताला अडकायला लागलं. तळव्याची कातडी इतकी खरखरीत झाली होती की तार ओढली की तंतू सुटायचे. पैठणीच्या पदरात प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, प्रत्येक तार बोटांनी मोजून घालायची. तिथे असा हात चालत नाही. आजी रोज रात्री खोबरेल तेल लावून त्यांचे हात चोळायची. दोन महिने त्यांनी साधे काठच विणले, मोराला हात लावला नाही.

रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. १९६५मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्यांनी ती आधी करून पाहिली. बहात्तरच्या दुष्काळाने तिची गरज सगळ्यांना पटवली. १९७७मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९पासून अमलात आला. काम मागितल्यावर पंधरा दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर बेकारभत्ता. टेंपलच्या छावणीत मजूर पोट दाखवायला जायचा. इथे तो फॉर्म भरून हक्क मागायला जातो. जमिनीवर त्याचं काय होतं, मस्टरमध्ये किती खोटी नावं असतात, मजुरी किती उशिरा मिळते, हे सगळं खरं आहे. तरी देशाने २००५मध्ये ग्रामीण रोजगाराचा कायदा केला तेव्हा समोर धडा महाराष्ट्राचाच होता.

पण या हमीतही काम मिळतं ते अंगमेहनतीचं: खोदा, फोडा, वाहा. हातातल्या कसबाची हमी नाही. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये चार महिने वडिलांना माल मिळाला नव्हता. मी पुण्यातून पैसे पाठवत होतो आणि ‘काहीतरी दुसरं बघा ना’ असं फोनवर सहज म्हणायचो. दुसरं म्हणजे काय, हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. आता लोक मला तेच म्हणत होते. विमा विक, क्लास काढ, मामाच्या दुकानात बस.

जूनमध्ये मी गल्लीत खरं सांगून टाकलं. फार काही झालं नाही. शेजारच्या काकांनी त्यांच्या भाच्याचा नंबर दिला, दोघांनी उगाच सल्ले दिले. सकाळी वडिलांना कांड्या भरून द्यायला लागलो, त्यात पहिल्या आठवड्यात इतकं रेशीम गुंतवलं की आईने मला रहाटावरून उठवलं. भाच्याच्या नंबरचा उपयोग झाला नाही, पण त्याने पुढे धाडलेला एक रेझ्युमे नाशिकच्या एका छोट्या कंपनीत पोहोचला. ऑगस्टमध्ये तिथे लागलो. पगार आधीच्या दोन-तृतीयांश.

पहिलं पगारपत्रक मोबाईलवर आलं तेव्हा शनिवार होता, मी घरी होतो. आजीला ती ओळ बोट ठेवून दाखवली आणि म्हटलं, “हे बघ, कामावर नसलेल्यांसाठी कापले.”

तिने मोबाईल डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला.

“एवढेच?” ती म्हणाली.